पार्सल पोस्टाने पाठवायचं की कुरिअरने? खर्च, ट्रॅकिंग आणि भरवसा यांचा सातारा-सांगलीतला हिशेब

हा लेख माझ्या मामेबहिणीमुळे लिहितोय. ती तासगावजवळ राहते आणि घरची हळद, बेदाणे व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून विकते. मी साताऱ्यात असतो आणि घरात "फोनमधलं कळणारा" म्हणून सगळे मलाच फोन करतात. तिचा प्रश्न साधा होता, "दादा, हळद अडीचशेची आणि पाठवायचा खर्च दीडशे. मग लोक का घेतील?"

त्यातच जानेवारीत एक फटका बसला. वाळवा तालुक्यातल्या एका ताईंनी हळदी-कुंकवाच्या वाणासाठी हळदीची ४० छोटी पाकिटं मागवली होती. कार्यक्रम रथसप्तमीला होता. बहिणीने सहा दिवस आधी पार्सल बुक केलं आणि ते पोचलं रथसप्तमी होऊन दोन दिवसांनी. वाण वाटून झालं होतं, हळदीचा उपयोग नव्हता. पैसे परत द्यावे लागले आणि ते गिऱ्हाईकही गेलं. चूक कोणाची हे शोधायला बसलो तेव्हा कळलं की चूक आमचीच होती. ती काय होती, ते खाली येईलच.

तेव्हापासून आम्ही दोघांनी खर्च, वजन, पिनकोड, ट्रॅकिंग, तक्रार हे सगळं नीट समजून घेतलं. तेच इथे क्रमाने देतोय. तुम्ही विक्री करत असाल, होस्टेलवरच्या भावाला कागदपत्रं पाठवणार असाल किंवा आजीला पुण्याहून काही पाठवणार असाल, तरी उपयोगी पडेल.

आधी पर्याय बघू

सातारा-सांगली भागातून पार्सल पाठवायचे साधारण चार मार्ग आहेत.

१. स्पीड पोस्ट. ही सेवा १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झाली. आपलं जुनं "रजिस्टर" म्हणजे नोंदणीकृत टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. त्यामुळे काउंटरवर "रजिस्टर करायचंय" म्हटलं तर आता स्पीड पोस्टच होतं. ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याच हातात द्यायचं असेल तर नोंदणीचे ५ रुपये जास्त द्यायचे.

२. पोस्टाचं साधं पार्सल आणि ज्ञान पोस्ट. घाई नसेल आणि वजन जास्त असेल तर हे बघा. ज्ञान पोस्ट फक्त पुस्तकांसाठी आहे, त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

३. खाजगी कुरिअर. शहरातून शहरात वेगवान. घरून पिकअप मिळतो. गावाकडे मात्र प्रत्येक कंपनीची गोष्ट वेगळी.

४. एसटीचं पार्सल. स्टँडवर द्यायचं आणि समोरच्याने स्टँडवरून घ्यायचं. दारापर्यंत येत नाही, पण घेणारा माणूस स्टँडजवळ असेल तर सोयीचं पडतं.

खर्च नेमका कशावर ठरतो?

बऱ्याच जणांना वाटतं की फक्त अंतरावर. तसं नाही. तीन गोष्टी आहेत: वजनाची पायरी, अंतराची पायरी आणि खोक्याचा आकार.

१ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे कागदपत्रांसाठीचे नवे दर लागू झाले. त्यातले आपल्या कामाचे आकडे बघा (यावर १८ टक्के जीएसटी वेगळा):

- ५० ग्रॅमपर्यंत: त्याच गावात १९ रुपये, बाहेर देशात कुठेही ४७ रुपये
- ५१ ते २५० ग्रॅम: त्याच गावात २४, २०० किमीपर्यंत ५९, २०१ ते ५०० किमी ६३, १००१ ते २००० किमी ७२ रुपये
- २५१ ते ५०० ग्रॅम: त्याच गावात २८, २०० किमीपर्यंत ७०, २०१ ते ५०० किमी ७५, १००१ ते २००० किमी ८६ रुपये

सातारा ते सांगली २०० किमीच्या आत येतं. म्हणजे ४०० ग्रॅमची फाईल पाठवली तर ७० रुपये अधिक जीएसटी, एकूण ८२ रुपये ६० पैसे. तीच फाईल दिल्लीला गेली तर ८६ अधिक जीएसटी, म्हणजे १०१ रुपये ४८ पैसे. फरक बघा, फक्त १९ रुपयांचा. पोस्टाचं हेच वैशिष्ट्य आहे. जवळच्या शहरात कुरिअर कधीकधी स्वस्त पडेल, पण लांबच्या राज्यात किंवा आडगावात पाठवताना पोस्टाचा दर एकदम उडी मारत नाही.

हे दर कागदपत्रांचे आहेत. वस्तूंच्या पार्सलचा दर वेगळा लागतो. तो पोस्टाच्या संकेतस्थळावरच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही पिनकोड आणि वजन टाकून बघायचा, मगच गिऱ्हाइकाला डिलिव्हरी चार्ज सांगायचा. अंदाजाने सांगू नका. आमच्या बहिणीने अंदाजाने सांगून तीन महिने खिशातले पैसे घातलेत.

विद्यार्थ्यांसाठी एक चांगली गोष्ट: नव्या दरांबरोबर स्पीड पोस्टवर विद्यार्थ्यांना १० टक्के सवलत जाहीर झालीय. ओळखपत्र सोबत ठेवा आणि काउंटरवर स्वतःहून विचारा.

वजनाची पायरी आणि खोक्याचा आकार

५०० ग्रॅम हळदीचं पाकीट खोक्यात घातलं की वजन होतं ५६० ग्रॅम. झालं, पुढची पायरी! म्हणून आता बहीण ४५० ग्रॅमचं पाकीट करते. खोकं, टेप, चिठ्ठी धरून ५०० च्या आत बसतं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा इथे कामाला येतो.

दुसरा मुद्दा घनफळाच्या वजनाचा. माल हलका पण खोकं मोठं असेल तर गाडीत जागा जास्त जाते, म्हणून वजनाऐवजी आकारावर पैसे लागतात. हिशेब असा: लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५०००. जे उत्तर येईल ते किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे.

उदाहरण घेऊ. सांगलीचं भडंग १ किलो, खोकं ३० × २५ × २० सेंमी. गुणाकार १५,०००. भागिले ५००० म्हणजे ३ किलो! वस्तू १ किलोची, पैसे ३ किलोचे. याउलट १ किलो हळद २० × १५ × १० सेंमीच्या खोक्यात बसते. गुणाकार ३,०००, म्हणजे ०.६ किलो. इथे प्रत्यक्ष वजन १ किलोच धरलं जाईल. थोडक्यात, हळद आणि बेदाणे पार्सलला परवडतात, भडंग परवडत नाही. मिरजेची सतार किंवा तानपुरा कोणी पाठवणार असेल तर त्याने हा हिशेब आधी करावाच.

काही कुरिअर कंपन्या भागाकाराला ५००० ऐवजी दुसरा आकडा घेतात, तो दरपत्रकात बघून घ्या.

आमची चूक: पिनकोड

आता त्या वाणाच्या पार्सलकडे येऊ. ताईंनी पत्ता पाठवला होता, "ता. वाळवा, जि. सांगली". पिनकोड नव्हता. बहिणीने फोनवर "सांगली पिनकोड" शोधलं, ४१६४१६ आला, तो टाकला. पार्सल सरळ सांगली शहरात गेलं. तिथे त्या नावाचं गाव नाही. मग परत फिरून योग्य ठिकाणी जाईपर्यंत दिवस गेले. पाकिटावर ताईंचा मोबाईल नंबरही घातला नव्हता, म्हणजे विचारायची सोय नाही.

खरा पिनकोड ४१५ ने सुरू होणारा होता.

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी, संस्कृतचे कवीसुद्धा. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दाखवतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपाल कुठल्या वर्गीकरण जिल्ह्यात जाणार ते ठरतं आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. इथे "वर्गीकरण जिल्हा" म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. गोंधळ होतो तो इथेच.

हे बघा:

- सातारा ४१५००१, कराड ४१५११०, फलटण ४१५५२३
- इस्लामपूर ४१५४०९, विटा ४१५३११ (जिल्हा सांगली, पण सुरुवात ४१५)
- सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, तासगाव ४१६३१२ (सुरुवात ४१६, कोल्हापूर ४१६००१ सारखी)
- वाई ४१२८०३, पाचगणी ४१२८०५, महाबळेश्वर ४१२८०६ (जिल्हा सातारा, पण सुरुवात ४१२)

म्हणजे सांगली जिल्ह्यातला माणूस ४१५ वाला असू शकतो आणि सातारा जिल्ह्यातला ४१२ वाला. रत्नागिरीचा पिनकोडही ४१५ नेच सुरू होतो, ४१५६१२. त्यामुळे जिल्ह्याच्या नावावरून पिनकोडचा अंदाज करायचा नाही.

नावांचाही घोळ आहे. कवठे म्हटलं तर कवठे महांकाळ, तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद, की वाई तालुक्यातलं कवठे? खानापूर सांगली जिल्ह्यात आहे आणि बेळगाव जिल्ह्यातही. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, त्यामुळे पत्त्यात दोन्ही नावं येतात. अशा वेळी पिनकोड बरोबर असेल तर नावाचा घोळ बराचसा निस्तरतो.

मग डिजिपिन काय आहे?

२७ मे २०२५ ला टपाल खात्याने डिजिपिन आणलं. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर ते तयार झालंय. देशाचे साधारण ४ मीटर × ४ मीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येकाला १० अक्षर-अंकांचा कोड दिलाय. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्यांना "शाळेच्या मागे, विहिरीजवळ" असं सांगावं लागतं, तिथे हा कोड कामाचा आहे. पण डिजिपिन पिनकोडच्या जागी आलेलं नाही. पाकिटावर पिनकोड हवाच. डिजिपिन जास्तीचं म्हणून लिहा.

"नो युवर पिनकोड" आणि "नो युवर डिजिपिन" ही दोन्ही पानं टपाल खात्याचीच आहेत. फोनचं लोकेशन चालू करून गिऱ्हाइकालाच तिथून पिनकोड काढायला सांगा. आम्ही आता ऑर्डर घेताना हेच करतो.

ट्रॅकिंग नंबर कसा वाचायचा?

पोस्टाचा नंबर १३ जागांचा असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये ९ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. भारतासाठी ती "आयएन". पहिलं अक्षर "ई" असेल तर स्पीड पोस्ट, "सी" असेल तर पार्सल. ही रचना जागतिक टपाल संघाची आहे, म्हणून परदेशी पार्सललाही अशीच असते.

९ अंकांतले पहिले ८ म्हणजे क्रमांक आणि नववा तपासणी अंक. तो असा काढतात: आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागून बाकी घ्यायची आणि ती ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५ धरायचं.

समजा आठ अंक १२३४५६७८ आहेत. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. ११ ने भागल्यावर बाकी ६. ११ वजा ६ म्हणजे ५. तर पूर्ण नंबर १२३४५६७८५. कोणी तुम्हाला १२३४५६७८४ असा नंबर पाठवला तर एकतर टाइप करताना चुकलाय, नाहीतर नंबरच खोटा आहे. ऑनलाइन खरेदीत फसवणारे "पार्सल पाठवलं" म्हणून काहीही नंबर देतात, तिथे ही चाचणी दोन मिनिटांत होते. अर्थात चाचणी पास झाली म्हणजे पार्सल खरंच पाठवलंय असं नाही, त्यासाठी ट्रॅकिंग बघावंच लागेल.

ट्रॅकिंगमधल्या शब्दांचे अर्थ:

- बुक्ड: काउंटरवर घेतलं.
- बॅग्ड, डिस्पॅच्ड: पिशवीत भरून पुढे पाठवलं. इथून पुढे पिशवीचा प्रवास दिसतो, तुमचं पार्सल तिच्या पोटात असतं. एक-दोन दिवस काहीच बदल दिसला नाही तर लगेच घाबरू नका.
- आउट फॉर डिलिव्हरी: पोस्टमनकडे दिलं.
- डोअर लॉक्ड, इन्सफिशियंट ॲड्रेस: दार बंद, पत्ता अपुरा. हे दिसलं की त्याच दिवशी हालचाल करा. वाटप न झालेली वस्तू पोस्टात साधारण ७ दिवस ठेवतात, मग ती परत फिरते.

गावाकडे आणखी एक टप्पा असतो. देशात १ लाख ६० हजारांहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात. बहुतेक गावांत शाखा डाकघर असतं आणि ग्रामीण डाक सेवक वाटप करतात. टपाल आधी तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या उपडाकघरात येतं, तिथून शाखेत जातं. म्हणून ट्रॅकिंगवर पार्सल तालुक्याला पोचलेलं दिसलं तरी हातात यायला आणखी एखादा दिवस धरा.

भरवसा कोणाचा?

आमचा अनुभव सांगतो. पुणे, मुंबईच्या ऑर्डरला कुरिअर बरं पडलं. पण गावच्या पत्त्यावर एका कुरिअरने "ग्राहक उपलब्ध नाही" असं तीनदा टाकलं. गिऱ्हाईक दिवसभर घरीच होतं, कोणी फोनही केला नव्हता. पार्सल परत आलं आणि येण्याचे पैसेही आमच्याकडूनच कापले. कॅश ऑन डिलिव्हरी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: परत आलेल्या पार्सलचा खर्च दुहेरी पडू शकतो. आजोबांच्या काळातली व्हीपी म्हणजे आजची सीओडीच, तेव्हाही लोक पाकीट नाकारायचेच.

आता आम्ही असं ठरवलंय: शहरात आणि घाईचं असेल तर कुरिअर, गावात आणि परराज्यात पोस्ट, मूळ कागदपत्रं कायम स्पीड पोस्टने. मार्कशीट, दाखले पाठवताना नोंदणी आणि ओटीपी डिलिव्हरी दोन्ही घ्या. प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी, इतकाच खर्च. ओटीपी सांगितल्याशिवाय वस्तू दिली जात नाही.

हरवलं तर किती मिळतं?

हे वाचून बहीण गप्पच झाली होती. स्पीड पोस्टची वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे शुल्क ८२ रुपये असेल तर साधारण १६४ रुपये. आत १२०० रुपयांचे बेदाणे असले तरीही! भरपाई वस्तूच्या किमतीवर नाही, तुम्ही भरलेल्या शुल्कावर ठरते. म्हणून महाग वस्तू पाठवताना विमा घ्यायचा. खाजगी कुरिअरच्या पावतीमागेही अशीच मर्यादा बारीक अक्षरात छापलेली असते, ती वाचा.

तक्रार कशी करायची?

१. आधी ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट घ्या. पावतीचा फोटो तर बुकिंगच्या दिवशीच काढा, कारण त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.
२. पोस्टाच्या संकेतस्थळावर, टपाल खात्याच्या "डाक सेवा" ॲपवर किंवा १८०० २६६ ६८६८ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.
३. उत्तर मिळालं नाही तर केंद्र सरकारच्या पीजी पोर्टलवर जा.
४. खाजगी कुरिअरबद्दल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आपल्या भागाची एक गंमत लक्षात ठेवा. सातारा टपाल विभाग पुणे क्षेत्रात येतो आणि सांगली विभाग गोवा क्षेत्रात, ज्याचं मुख्य कार्यालय पणजीला आहे. वरच्या पातळीवर अर्ज करताना पत्ता चुकवू नका.

पुस्तकं पाठवताय? ज्ञान पोस्ट बघा

१ मे २०२५ पासून ही सेवा सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. माल रस्त्याने किंवा रेल्वेने जातो म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं, जाहिरातींचा कागद चालत नाही. स्पर्धा परीक्षेची जुनी पुस्तकं मित्राला द्यायची असतील तर यापेक्षा स्वस्त सहसा मिळणार नाही.

या चुका टाळा

- "तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर भरा" असा पोस्टाच्या नावाचा मेसेज खोटा असतो. लिंक उघडू नका. नंबर स्वतः अधिकृत संकेतस्थळावर टाकून बघा.
- पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी पार्सलमध्ये घालू नका. आगीचा धोका असतो, म्हणून ती घेतली जात नाही.
- कंदी पेढे, स्ट्रॉबेरी असा नाशवंत माल लांब पाठवू नका. पाठवायचाच असेल तर एका दिवसात पोचेल तिथेच.
- पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचा मोबाईल नंबर खोक्यावर लिहा. आत एका चिठ्ठीवरही पत्ता टाका. वरचं लेबल फाटलं तर तीच चिठ्ठी कामाला येते.

त्या वाळव्याच्या ताईंना बहिणीने नंतर स्वतःहून फोन केला, चूक सांगितली आणि अर्धा किलो हळद पाठवली, या वेळी बरोबर पिनकोड टाकून. तिसऱ्या दिवशी पोचली. ताईंनी पुढच्या संक्रांतीची ऑर्डर आत्ताच सांगून ठेवलीय. फक्त एक अट घातलीय, "पंधरा दिवस आधी टाक गं बाई."

तुम्हीही तेवढंच करा. कार्यक्रमाच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी टाका आणि पिनकोड तपासून टाका.